घरोघर फिरणारे विक्रेते, मसाज सेंटर आणि आमच्या पालिकेचा नवा मसुदा

लिंबाचा_पार (धागाकर्ता)

राम राम मंडळी. गाव मराठवाड्यातलं, तालुक्याचं, 'क' वर्ग नगरपरिषद. नाव लिहीत नाही, पालिकेतली निम्मी माणसं माझ्या वर्गातली आहेत.

पालिकेनं जुने उपविधी बदलायला काढलेत. जुना कागद मी पाहिला. डोक्यावरच्या पाटीला वेगळा दर, कावडीला वेगळा, गाढवावरच्या ओझ्याला वेगळा. तेव्हा बदलायला हवेत यात वाद नाही. पण नव्या मसुद्यात जोडी अजब जमवलीय: घरोघर फिरून विकणारे आणि मालिश-मसाजवाले, दोघं एकाच कागदात. कारण दोन्हींच्या तक्रारी एकाच महिन्यात आल्या. आमच्या कॉलनीत दोन पोरं 'दागिन्यांना पॉलिश करून देतो' म्हणून आली आणि शेजारच्या काकूंच्या पाटल्या हलक्या करून गेली. आणि बसस्टँडच्या मागं 'फॅमिली स्पा' निघाला होता, तिथं पोलिसांनी डमी गिऱ्हाईक पाठवून छापा टाकला. सभेत दोन्हींवर आरडाओरडा झाला आणि एकाच ठरावात दोन्ही बांधले.

मसुदा असा की घरोघर जाणाऱ्या प्रत्येकाला पालिकेचं ओळखपत्र, पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला, वर्षाला ५०० रुपये, वेळ सकाळी १० ते संध्याकाळी ५. बाहेरच्या तालुक्यातला असेल तर स्थानिक जामीनदार. दुसऱ्या भागात 'मालिश, मसाज, अभ्यंग, स्पा व तत्सम सेवा' अशी व्याख्या. त्यांना परवाना, दाराला आतून कडी नको, खोलीत सीसीटीव्ही, बाईला बाईनं आणि पुरुषाला पुरुषानंच. आणि कलमाच्या शेपटीला एक ओळ: 'सदर सेवा ग्राहकाच्या निवासस्थानी जाऊन देता येणार नाही.'

आमच्या घरी बावीस दिवसांचं लेकरू आहे. रोज सकाळी साडेसातला मावशी येतात. पाय लांब करून पाटावर बसतात, लेकराला नडग्यांवर पालथं घेतात, करडईचं कोमट तेल जिरवतात, मग न्हाऊ घालतात. त्यानंतर बाळंतिणीचं अंग रगडायचं, धुरी द्यायची, अर्धा कप चहा आणि पुढचं घर. वय साठीच्या पुढं. मला त्यांच्याच सासूनं न्हाऊ-माखू घातलेलं. आता मसुद्यानं मावशी घरोघर फिरतात म्हणून पहिल्या भागात, मालिश करतात म्हणून दुसऱ्या भागात, आणि घरी येतात म्हणून थेट बेकायदा. दहाच्या आत येतात ते वेगळंच.

हरकतीला तीस दिवस आहेत, अकरा गेले. काय लिहावं? आणि खरं सांगतो, पाटल्या गेल्या त्या दिवशी 'ह्या फिरत्या लोकांना बंदीच घाला' असं मीच ओट्यावर बसून म्हटलं होतं.

तूरडाळ

मावशींना आधी विचारा ओळखपत्रावर फोटो कोणता लावायचा. आमच्याकडच्या मावशी आधारवरच्या फोटोसाठी अजून त्या मशीनवाल्या पोराला शिव्या घालतात.

बालाघाटी

हसण्यावारी नेऊ नका. मागच्या उन्हाळ्यात माझ्या आईकडं 'गॅसची नळी तपासायला आलोय' म्हणून एक जण आला. गळ्यात कार्ड, खांद्याला बॅग, पायात बूट. नळी बदलली, ८०० रुपये घेतले, शेगडीही गरज नसताना उघडून ठेवली. एजन्सीत विचारलं तर म्हणे आम्ही कुणाला पाठवलंच नाही. म्हातारी माणसं घरात एकटी असतात, पोरं पुण्याला. कुणीही यावं आणि कडी वाजवावी हे बंद झालंच पाहिजे. माझा मसुद्याला पाठिंबा आहे, मावशींची ओळ तेवढी काढा.

तूरडाळ

@बालाघाटी, पण तुम्हीच लिहिलंत की गळ्यात कार्ड होतं.

रसायन_मास्तर

पॉलिशवाल्यांचं शास्त्र सांगतो, नववीच्या पोरांना दरवर्षी सांगतो. हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्ल साधारण तीनास एक प्रमाणात मिसळलं की अम्लराज होतो. एकट्या नायट्रिकला सोनं दाद देत नाही, दोन्ही एकत्र आले की विरघळतं. पाटली बाहेर येते ती झळझळीत दिसते, कारण वरचा थर गेलेला असतो. पोरं ते पाणी बाटलीत भरून नेतात आणि नंतर त्यातून सोनं काढून घेतात. चोरी डोळ्यादेखत होते आणि बाई वर पन्नास रुपये मजुरी देते.

काकूंना म्हणावं काट्यावर वजन करा, नुसतं बघून कळणार नाही. आणि एक साधा प्रश्न. ही पोरं चारित्र्य पडताळणीच्या रांगेत उभी राहणार आहेत का? रांगेत उभा राहणार तो चादरवाला, खारी-बटरवाला, बांगड्यांची कासारीण. म्हणजे ज्यांच्याकडून काही गेलं नाही तेच.

कोर्टाची_पायरी

हरकतीचं पहिलं वाक्य हे ठेवा: 'सदर मसुदा नगर पथविक्रेता समितीसमोर ठेवला होता काय?'

२०१४ चा पथविक्रेता अधिनियम फक्त रस्त्याच्या कडेला बसणाऱ्यापुरता नाही. जागोजाग फिरून माल विकणारा, सेवा देणारा असेही त्याच्या व्याख्येत येतात. विक्री प्रमाणपत्रात एका जागी बसणारा आणि फिरता असे वेगळे प्रकारच आहेत. समितीचे अध्यक्ष तुमचे मुख्याधिकारी, पण किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, त्यांत एक तृतीयांश बायका. पाच वर्षांतून एकदा तरी सर्वेक्षण करायचं. ते होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणाला हलवायचं नाही. दुसऱ्या कायद्याशी विसंगती आली तर हा कायदा वरचढ, असंही त्यातच लिहून ठेवलंय. पालिकेला उपविधी करता येतात, पण ह्या चौकटीत राहून.

माल जप्त केला तर नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच आणि बाकीचा कामाच्या दोन दिवसांत परत द्यायचा असतो. ही ओळ पाठ असलेला पालिकेचा माणूस मला वकिलीत अजून भेटलेला नाही.

सुप्रीम कोर्टानं १९८९ मध्ये सोदान सिंग प्रकरणात रस्त्यावर धंदा करणं हा मूलभूत हक्क मानला, वाजवी बंधनं घालता येतील असंही म्हटलं. ओळखपत्र हे वाजवी बंधन म्हणून टिकेल. जामीनदार टिकेल असं मला वाटत नाही.

मावशी 'सेवा देणारा फिरता विक्रेता' ह्यात बसतात का यावर वाद घालता येईल. मी घालीन, आणि फी चहा-पोहे.

आणि @बालाघाटी, घरी येऊन वॉटर फिल्टर, साबण, पावडरी विकणाऱ्या साखळी कंपन्यांसाठी केंद्राचे थेट विक्रीचे नियम डिसेंबर २०२१ पासून आहेत. त्यांच्या माणसानं ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ घेतल्याशिवाय दारात यायचंच नाही. मसुद्यात ह्या कंपन्यांचा उल्लेख आहे का? माझा अंदाज, नसेल.

लिंबाचा_पार

नाही. उलट 'नोंदणीकृत कंपनीचे प्रतिनिधी वगळून' असं लिहिलंय!

तूरडाळ

टायवाल्याला सूट, टोपलीवालीला दाखला. बनी तो बनी, नहीं तो परभणी.

मोंढा_नाका

परभणीला उगीच ओढू नका. जगात जर्मनी, भारतात परभणी. :)

पालातला

वाचत होतो, लिहावं की नाही ठरत नव्हतं.

आम्ही भटक्यांतले. माझी आई 'सुया घे, बिबं घे, पोत घे' करत जिंतूर-सेलू पट्ट्यातली गावं फिरायची. पाटीत दाभणं, फण्या, काळे मणी, कंगवे. मी पाठीवरच्या झोळीत. कुठल्या घरी पाणी मिळतं, कुठल्या घरी कुत्रं सोडतात, हे तिला तोंडपाठ होतं. काही घरी पैसे नसायचे, तिथं पायलीतली मूठभर ज्वारी. मी आज सरकारी नोकरीत आहे ते त्या पाटीवर.

आता तुमच्या मसुद्यातल्या 'बाहेरचा असेल तर स्थानिक जामीनदार' बद्दल. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा होता, त्यात आमच्यासारख्यांनी गावात शिरताना पाटलाकडं हजेरी द्यायची. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो गेला. आजोबांना तरी पाल टाकलं की आधी पाटलाच्या वाड्यावर जायची सवय पुढची वीस वर्षं सुटली नाही. हजेरीत विचारायचे तेच तुम्ही विचारताय: तुला ओळखणारा कोण?

भीक प्रतिबंधाचा १९५९ चा कायदा वाचा, आपल्याकडं अजून आहे. वस्तू विकायचा बहाणा करून मागितलं तरी ती भीक. आता बहाणा आणि धंदा ह्यातला फरक ठरवणार कोण? हवालदार.

आणि १ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी म्हणून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी होते, मंगळवेढ्याकडचे. आधार कार्डं होती त्यांच्याकडं. त्या महिन्यात आपल्या औरंगाबादेकडंही तेच मेसेज फिरत होते, कुणाकुणाला मार बसला होता. मी त्या पंधरवड्यात आईला घराबाहेर पडू दिलं नाही, आणि तेव्हा ती काही विकतही नव्हती, नुसती जुनं लुगडं नेसून देवळात जायची.

कार्ड द्या, हरकत नाही. पण कार्ड नसलेला माणूस म्हणजे चोर, असं एकदा कागदावर आलं की त्या कागदाचा उपयोग पालिका करणार नाही, गल्ली करील.

बालाघाटी

@पालातला, भाऊ, तुमच्या आईबद्दल माझं काही म्हणणं नाही, तसं वाटलं असेल तर माफ करा. पण माझी आईही एकटीच आहे. ती आता कुणालाच दार उघडत नाही, दूधवाल्यालासुद्धा जाळीतून पातेलं देते. त्याचं काय करू ते सांगा.

पालातला

ते खरंय दादा. त्याला माझ्याकडंही उत्तर नाही.

संपादक मंडळ

एका सदस्याचा जातीवर घसरलेला प्रतिसाद काढला आहे. पुन्हा झाल्यास सदस्यत्व गोठवू.

सीताफळ

अवांतर आहे, पण राहवत नाही. ह्या 'विक्री' शब्दात बोहारीण कशी बसवणार? ती विकत काहीच नाही, कपडे घेते आणि भांडं देते. माझी आजी आणि बोहारीण ह्यांचा सौदा म्हणजे अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम. ओसरीवर पाच लुगडी, बाबांची दोन पँट. बोहारीण एकेक कपडा उजेडाकडं धरायची, कुठं विरलाय बघायची, पँटच्या गुडघ्यावर बोट फिरवायची. आजी तिकडं पातेल्याच्या बुडाला टिचकी मारून आवाज ऐकायची. 'पत्रा हाय ह्यो.' 'आवं जरीचं एखादं काढा की, डबा देते झाकणाचा.' आजी एक पँट वाढवायची, मग ती पँट शाळेत घालून जायची आहे म्हणून बाबा ओरडायचे. शेवटी पातेलं यायचंच. त्या पातेल्यात आज माझ्याकडं दूध तापतं.

मोंढा_नाका

आणि 'केसावर भांडेऽऽ' विसरलात. आमची ताई विंचरलेल्या केसांचे गुंतवळ भिंतीच्या भोकात कोंबून ठेवायची, वर्षानं एक वाटी मिळायची. मसुद्याप्रमाणं ती बाई विक्रेती की खरेदीदार? की ताईनंच परवाना काढायचा?

निजामी_वाडा

जुन्या उपविधीत पाटी-कावड आहे म्हणता, त्याचं मूळ तहबाजारीत, म्हणजे बाजारात बसायच्या शुल्कात, असणार. शब्द आमच्याकडं निजामाच्या कारभारातनं आला आणि टिकला. बाकी महाराष्ट्र बाजार बैठक म्हणतो, आम्ही अजून 'तहबाजारीवाला आला' म्हणतो. दरवर्षी लिलाव होतो, ठेकेदार घेतो, त्याची पोरं आठवडी बाजारात पावतीपुस्तक घेऊन फिरतात. पावतीवर दहा रुपये आणि हातात वीस. पावती मागितली तर दहाची मिळते, न मागितली तर वीसाला काहीच नाही. परवान्याचे ५०० घेणार म्हणताय, मग परवानेवाल्याकडून रोजची तहबाजारी बंद का? हा प्रश्न हरकतीत घाला. फार झोंबेल.

पापड_कुरडई

निजामी_वाडा काका, अगदी बरोबर! मी बचत गटातली. आम्ही चौघी मिळून कुरडया, शेवया, शेंगाची चटणी घरोघर विकतो. मला ओळखपत्र पाहिजेच आहे, उगीच नको म्हणू नका. टाळेबंदीनंतर २०२० मध्ये फेरीवाल्यांसाठी केंद्राच्या स्वनिधी योजनेचं कर्ज निघालं तेव्हा माझं सर्वेक्षणात नाव नव्हतं, कारण सर्वे करणारे मेन रोडवरच्या गाड्यांपर्यंतच आले. शिफारसपत्रासाठी पालिकेत सात चकरा. मिळालं शेवटी, पहिले दहा हजार, फेडल्यावर वीस. त्यातून शेवयांचं मशीन घेतलं. खाण्याच्या वस्तूंची नोंदणीही केलीय, मी केली तेव्हा वर्षाला शंभर रुपये होते.

माझं भांडण वेळेशी आहे. दहा ते पाच! अहो त्या वेळात गिऱ्हाईक नोकरीवर, शेतात. बायका घरी सापडतात सकाळी आठला नाहीतर संध्याकाळी सहानंतर. चटणीचा वास घेऊन बघितल्याशिवाय कुणी घेत नाही, आणि वास घ्यायला बाई घरी पाहिजे. हा नियम ज्यानं लिहिला त्यानं आयुष्यात दारावर काही विकलेलं नाही, विकतही घेतलेलं नाही, त्याची बायको घेते.

अटकेपार_बीडकर

इथं न्यू जर्सीत दारावर विकायला येणाऱ्याला गावाच्या कार्यालयातून परमिट लागतं. वायोमिंगमधल्या ग्रीन रिव्हर गावानं १९३१ मध्ये बोलावल्याशिवाय दारावर विकायला यायलाच मनाई केली. मग अनेक गावांनी तसे नियम केले, त्यांना नावच पडलं ग्रीन रिव्हर ऑर्डिनन्स. पण २००२ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टानं ओहायोतल्या एका खेड्याला फटकारलं: धर्माचा किंवा मताचा प्रचार करायला दारावर येणाऱ्याकडून परमिट मागता येणार नाही. तेव्हापासून गावांना नियम लिहिताना विक्रेता आणि प्रचारक वेगळे धरावे लागतात.

मला आवडलेला नियम वेगळाच आहे. दारावर २५ डॉलर किंवा जास्तीची खरेदी झाली तर तीन कामकाजी दिवसांत सौदा मोडता येतो. विक्रेत्यानं तसा कागद हातात द्यायचा. म्हणजे माणूस अडवला नाही, फसवणूक अडवली.

मसाजवाल्यांना परवाना इथं राज्य देतं, शिक्षण आणि परीक्षा घेऊन. त्यामुळं गावाला पूर्वीसारखं प्रत्येक मसाज करणारा संशयित धरून चालता येत नाही.

तूरडाळ

आमच्या गल्लीत 'विक्रेत्यांना मनाई' असा बोर्ड लावायचा म्हटलं, तर पहिला बोर्ड विकणाराच दारात येईल.

संस्कारी_पुणेकर

मूळ मुद्दा भरकटतोय. मसाज पार्लर म्हणजे काय चालतं हे सगळ्यांना माहीत आहे. सरसकट बंद करा. आपल्या संस्कृतीत हे नव्हतंच.

वैद्यबुवा

दिवाळीत पहाटे तुमच्या अंगाला काय लावतात? अभ्यंग आपल्या संस्कृतीत नव्हतं म्हणता, मग वाग्भटानं 'अभ्यंगं आचरेत् नित्यम्' कुणाला सांगितलं?

मसुद्यात अभ्यंग शब्द घालून पालिकेनं माझं पंचकर्माचं केंद्रही आत ओढलंय. मी नोंदणीकृत वैद्य. उद्या पक्षाघाताच्या रुग्णाला मी सीसीटीव्हीसमोर तेल लावू? फिजिओथेरपीवाले तर रुग्णाच्या घरी जातातच, खुब्याचं हाड मोडलेली म्हातारी केंद्रात येणार कशी? 'तत्सम सेवा' हे दोन शब्द आधी उडवा. उपविधीत 'तत्सम' आला की त्याचा अर्थ टेबलामागचा माणूस ठरवतो.

आणि धागाकर्ते, लेकराच्या कानात-नाकात तेल घालू देऊ नका, मावशी कितीही म्हणोत.

कटिंग_दाढी

व्हय, अन् आमचं काय? दाढी झाल्यावर दोन मिनिट मान दाबतो, डोकं चोळतो, बोटं कडाकडा मोडतो. गिऱ्हाईक त्याच दोन मिनिटांसाठी येतंय, दाढी तर घरी बी होती. ही मालिश की नाही? पुरुषाला पुरुष ह्या अटीत तर आम्ही पास. सीसीटीव्हीचं मात्र अवघड हाय, टक्कल झाकायला येणारी लोकं कॅमेऱ्यात यायची नाहीत.

निलगिरी_तेल

मी नवीन आयडी काढून लिहितेय.

मी थेरपिस्ट आहे, संभाजीनगरात. आधी पार्लरचा कोर्स केला, मग एका ताईंकडं सहा महिने मसाज शिकले. आज माझ्याकडं पाठदुखीवाल्या शिक्षिका येतात, दिवसभर शिलाई मशीनवर बसणाऱ्या बायका येतात. आणि रोज चार-पाच फोन येतात, 'रेट काय, एक्स्ट्रा काय.' मी ते नंबर वहीत लिहून ठेवते. दोन वह्या भरल्या.

शहरात कुठंही छापा पडला की माझं गिऱ्हाईक दोन महिने तुटतं. पेपरात 'स्पाच्या नावाखाली' असं छापून येतं, घरमालक भाडं घ्यायला न येता बायकोला पाठवतो. म्हणून मला परवाना हवाय. भिंतीवर लावायला कागद हवाय की ही बाई शिकलेली आहे आणि हे दुकान पालिकेला माहीत आहे. बारक्या दुकानांना दुकाने कायद्यात साधी सूचना दिली की पुरतं, तो कागद बघून कुणाचं समाधान होत नाही.

पण कॅमेरा? कपडे उतरवलेल्या बाईच्या खोलीत कॅमेरा लावणं हाच गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम ७७. रेकॉर्डिंग बघणार कोण, मालक? दारात आणि काउंटरवर लावा, खोलीत नाही.

आणि आतली कडी. पालिकेला वाटतं आत कडी लावून काहीतरी चालतं. मी पहिल्यांदा जिथं नोकरीला होते तिथं मालक बाहेरून कडी लावायचा. गिऱ्हाईक आत गेलं की बाहेरून खट्. वेळ संपली की उघडायचा. एकदा एक जण अंगावर आला तेव्हा मी दार वाजवत होते आणि बाहेर टीव्ही चालू होता. नियम करायचाच तर असा करा की मसाजच्या खोलीचं दार बाहेरून बंदच होता कामा नये.

सीताफळ

ताई, लिहिलंत ते फार बरं केलं. हे हरकतीत शब्दशः जायला हवं.

कोर्टाची_पायरी

+१. शिवाय दोन गोष्टी. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणच्या लैंगिक छळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं करता येते, २०१३ चा कायदा. हा पत्ता दुकानात लावायची सक्ती उपविधीत घाला, खर्च शून्य. दुसरं, बाईला बाई आणि पुरुषाला पुरुष हे दिल्लीत २०२१ मध्ये करून झालंय. त्याच वर्षी डिसेंबरात हायकोर्टानं त्या अटीला स्थगिती दिली. अनैतिक व्यापार प्रतिबंधाचा पीटा कायदा १९५६ पासून आहे, वेश्याव्यवसायाला जबरदस्तीनं लावणाऱ्यावर कारवाई करायला तो पुरतो. नवं कलम पालिकेनं काढायची गरज नाही.

संस्कारी_पुणेकर

'सरसकट' शब्द मागे घेतो. बाकी मत कायम.

बालाघाटी

अमेरिकावाल्यांचं तीन दिवसांचं मला पटलं. आईनं ८०० दिले, दुसऱ्या दिवशी मी आलो, तर परत मागायचे कुणाकडं? कार्डावर नाव होतं, नंबर नव्हता. पालिकेनं कार्डाला नंबर द्यावा आणि तो फोन करून तपासता यावा, एवढं झालं तरी आई दार उघडेल. कदाचित.

लिंबाचा_पार

सगळ्यांचं जमवून कच्चा मसुदा केलाय, दुरुस्त्या सांगा.

'१) घरोघर विक्री आणि मालिश व्यवसाय यांचे स्वतंत्र उपविधी करावेत. २) मसुदा प्रथम नगर पथविक्रेता समितीसमोर ठेवावा. ३) ओळखपत्र मोफत अथवा नाममात्र शुल्कात द्यावे, त्यावर तपासता येईल असा क्रमांक असावा, ते नसणे हा गुन्हा समजू नये. जामीनदाराची अट वगळावी. ४) कंपन्यांच्या प्रतिनिधींना दिलेली सूट काढावी. ५) परवानाधारकाकडून तहबाजारी घेऊ नये. ६) वेळ सकाळी ७ ते रात्री ८. ७) तत्सम हा शब्द वगळावा, वैद्य, फिजिओथेरपी, केशकर्तनालय व बाळ-बाळंतिणीची मालिश यांना हा उपविधी लागू नाही असे स्पष्ट लिहावे. ८) खोलीत कॅमेरा नको; दार बाहेरून बंद करता येऊ नये.'

पापड_कुरडई

रात्री ८ नको, साडेआठ करा. मालिका आठला संपतात.

मोंढा_नाका

केसावर भांडे राहिलं.

लिंबाचा_पार

(नऊ दिवसांनी)

हरकत दिली. एकशे चाळीस सह्या झाल्या, त्यांत सत्तावीस अंगठे. पहिला अंगठा मावशींचा. त्यांना आधी सगळं वाचून दाखवलं. ५०० रुपये ऐकून म्हणाल्या, 'त्येवढ्यात येक लुगडं येतंय की.' मग मालिशीवर बंदी म्हटल्यावर हात थांबला नाही, लेकराचे तळवे चोळता चोळताच म्हणाल्या, 'सायबाच्या घरी बी मीच जाती. सायबीणबाईला इचार.' कुठले साहेब ते मी इथं लिहीत नाही.

आवक खिडकीवर माझ्याच वर्गातला गडी होता. शिक्का मारला, क्रमांक टाकला, सगळी पानं उलटून बघितली आणि म्हणाला, 'सातवा मुद्दा चांगलाय.' पुढं काय होतं ते कळवीन. सभा पुढच्या महिन्यात आहे म्हणतात.

रसायन_मास्तर

छान. काकूंनी पाटल्यांचं वजन केलं का?

लिंबाचा_पार

केलं सर. दोन्ही मिळून साडेचार ग्रॅम कमी भरल्या. सोनार म्हणाला मूळ पावती आणा. पावती १९९१ ची निघाली, शाई उडालेली. पोलीस म्हणतात मग मूळ वजन किती होतं हे ठरवायचं कसं?